प्रयागबाईचं टोपलं

डोक्यावरचं ओझं वाहायला एक माणूस पुरतं, पण ते डोक्यावर चढवायला दोन लागतात. म्हणून आपल्याकडे एक अलिखित कायदा आहे: वाटेत कोणी बाई भरलं टोपलं पायाशी ठेवून उभी दिसली आणि "हात लावजो वं" म्हणाली, की हातातलं काम सोडून हात लावायचा. बोलचाल बंद असली तरी लावायचा. टोपलं डोक्यावर गेलं की पुन्हा तोंड फिरवायला मोकळे.

रिठदच्या प्रयागबाईने हा कायदा उभ्या आयुष्यात दुसऱ्यांसाठीच पाळला. स्वतःसाठी तिने कधी कोणाला हाक मारली नाही. आधी गुडघ्यावर, मग छातीशी, मग डोक्यावर, असं तिचं टोपलं तीन टप्प्यांत चढायचं, आणि ते चढताना बघायला बसथांब्यावरची माणसं तंबाखू मळायची थांबायची. विहिरीजवळची अर्ध्या एकराची वाडी तिची. कागदावर नवऱ्याच्या, चंपतरावाच्या नावाची असेल, पण वांग्याला विचारलं असतं तर त्याने प्रयागबाईचंच नाव सांगितलं असतं. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. बाजाराच्या दिवशी सकाळच्या बसने रिसोड, आणि संध्याकाळी रिकामं टोपलं काखेत मारून परत. पस्तीस वर्षं.

आता खरं सांगायचं तर शेवटची दोन वर्षं बाई थोडी लबाडी करत होती. साठी उलटली होती. वाडीतून निघताना ती टोपलं आधी विहिरीच्या कठड्यावर ठेवायची आणि तिथून अलगद डोक्यावर घ्यायची. थांब्यावर उतरवलं, की बस येईपर्यंत गावातली रुपाबाई यायचीच. तीही भाजीवालीच. रुपाबाई न मागता हात लावायची आणि प्रयागबाई असं दाखवायची की हिलाच हौस आहे. कोणाला काही कळत नव्हतं. फार छान चाललं होतं.

मागच्या कार्तिकात एका बाजाराला रुपाबाई लेकीकडे गेलेली. थांब्यावर चिटपाखरू नाही. बस आली, दार उघडलं, आत मुंगीला शिरायला जागा नाही, कंडक्टर कुठे तरी पार मागे. प्रयागबाई वाकली, टोपल्याचे काठ धरले आणि उचललं. गुडघ्यापर्यंत आलं. तिथून पुढे काही केल्या हलेना. तिने पुन्हा जोर केला, कमरेत चमक निघाली, टोपलं खाली. आतून कोणी तरी ओरडलं, "मावशी, येता का राह्यता?" घंटी वाजली. बस गेली.

अर्ध्या तासाने गावातला लखीराम मोटरसायकलवरून जाताना थांबला, त्याने हात लावला, आणि प्रयागबाई आल्या वाटेने घरी गेली. मेथी माना टाकून पडली होती. अर्धी शेळीने खाल्ली. लखीराम मनाने निर्मळ माणूस, आणि निर्मळ माणसाच्या पोटात गोष्ट राहत नाही. दिवस मावळायच्या आत गावभर झालं होतं की वहिनीला टोपलं उचलवलं नाही.

चंपतराव त्या संध्याकाळी रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, प्रयागबाईला भांडता तरी आलं असतं. तो बाजेवर बसला, एकुलत्या एक मुलाला, रविकांतला, शेजारी बसवलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आता पुरे झालं तुहं. लय केलं. गुढीपाडव्यापासून वाडी लखीरामले बटईनं, अर्ध्या वाट्यानं, देऊन टाकू. तो मांगतच होता. तू बस आता आरामात."

"आरामात बसून काय करू?"

"नातवंडं होतीन, त्याईले खेळव."

"होतीन तवा खेळवीन. तोवर काय करू?"

रविकांत रिसोडला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता. त्याला आईचं म्हणणं पटायचं आणि बापाचंही पटायचं, त्यामुळे तो कोणाच्याच कामाचा नव्हता. तो मोबाइलमध्ये बघू लागला. आणि प्रयागबाईला, जिने सासू सोसली, तीन दुष्काळ सोसले, तिला पहिल्यांदा भीती वाटली. तिला मरायची भीती नव्हती. बाजारात कडुलिंबाखाली तिची जागा होती. तिथे येऊन बाया "रिठदवाली आली का?" असं विचारत. ती जागा चार बाजार रिकामी राहिली की पाचव्याला दुसरीची होते, आणि मग आपण कोण, हे तिला खरोखरच ठाऊक नव्हतं.

आता सुनेबद्दल सांगायला हवं. सुप्रिया तीन वर्षांपूर्वी या घरात आली. वाशिमच्या बाजूची, पदवी घेतलेली, आवाज हळू, पदर नीट. गावाला ती गरीब गाय वाटायची. तिच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीखाली, दोन पदकं होती हे फक्त रविकांतला माहीत होतं. कॉलेजात असताना सुप्रिया वेटलिफ्टिंग करायची. विद्यापीठाच्या स्पर्धेत दोनदा दुसरी आली होती. लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईने बजावलं, ते वजनबिजन तिकडे सांगत बसू नकोस, लोक भलतंच समजतात. म्हणून तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी धार काढायच्या वेळी ती गोठ्यात सासूमागे गेली आणि म्हणाली, "आई, तुमाले टोपलं उचलता येईन. चार महिने द्या मले."

प्रयागबाईने म्हशीच्या पोटाला टेकवलेलं डोकं वर केलं. "तू देशीन काय मंतर?"

सुप्रिया कोपऱ्याकडे गेली. तिथे सरकीचा भरला कट्टा, म्हणजे पोतं होतं, चांगलं तीस-पस्तीस किलोचं. तिने पदर खोचला, पाय फाकवले, खाली बसली, आणि पुढच्या श्वासाला तो कट्टा तिच्या डोक्याच्या वर, दोन्ही हात ताठ, कट्टा हवेत. मग तो तिने सावकाश खाली ठेवला, आवाज न करता. म्हशीने रवंथ थांबवलं. प्रयागबाईच्या हातातलं दूध बादलीच्या बाहेर गेलं.

"बयो," एवढंच ती म्हणाली. आणि मग हसायला लागली, तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत. तीन वर्षं या पोरीला ती "जड हाय, तू नोको उचलू" म्हणत आली होती.

त्याच रात्री जेवताना प्रयागबाईने नवऱ्यासमोर पैज मांडली. "पाडव्याच्या आधीचा शेवटला बाजार. थांब्यावर, चारचौघात, माहं टोपलं मी एकटीनं उचलीन. पंचवीस किलो भरलेलं. कोनी हात लावाचा नाही. उचललं तं वाडी माही. नाही उचललं तं द्या लखीरामले, मी तोंडातून शब्द काढनार नाही."

चंपतराव भाकरी कुस्करत हसला. त्याला वाटलं, चार महिन्यांत ही आपोआप थंड होईल. "ठरलं," तो म्हणाला. लखीरामलाही त्याने तसं कळवून टाकलं.

पहिल्या दिवशी सुप्रियाने कट्ट्याला हातसुद्धा लावू दिला नाही. सासूला बाजेवर बसवलं आणि म्हणाली, "हात छातीशी बांधा. हात न टेकता उठा, बसा, उठा. मी अर्धा मिनिट मोजते." प्रयागबाईला हा पोरखेळ वाटला. चार वेळा उठली. पाचव्यांदा खांब धरला. जी बाई दिवसभर वाकून निंदते, तिला बाजेवरून पाचव्यांदा उठता येईना. सुप्रियाने गोठ्याच्या भिंतीवर खडूने चार रेघा ओढल्या.

गावात बातमी फुटायला दोन दिवस लागले. आणि मग ते वाक्य सुरू झालं, जे मी आजवर शंभर तोंडांतून ऐकलंय: वावरात राबणाऱ्या बाईला कसरत कशाला? हे म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना जमिनीवरून उठताना भिंत लागते, पण ते असो. शेतातलं काम आहे तेवढीच ताकद खर्च करतं, आणि रोज त्याच सांध्यातून, त्याच वाकण्यातून. नवी ताकद भरायची तर आज जेवढं झेपतं त्याच्यापेक्षा थोडं जास्त मागावं लागतं, पुढच्या आठवड्यात आणखी थोडं, आणि मधे शरीराला ते पचवायला वेळ द्यावा लागतो. सुप्रियाने हे सासूला इतक्याच सोप्या भाषेत सांगितलं. सासूला पहिली दोन वाक्यं पटली. तिसरं तिने कानाआड केलं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, असे दिवस ठरले. खताच्या रिकाम्या कट्ट्यात आठ किलो वाळू भरली. तो जमिनीवरून उचलायचा, छातीशी धरून बसायचं, उठायचं. तेलाच्या दोन डब्यांत पाणी भरून ते खांद्यापासून वर ढकलायचे. निंबाच्या झाडाला दोर बांधून, मागे झुकून, स्वतःला झाडाकडे ओढायचं. "कमरेतून वाकू नोका, आई. बसा. टाचा जमिनीत रोवा. ओझं अंगाले चिकटवा." टाचा, टाचा, टाचा. सुप्रियाचा हळू आवाज गोठ्यात आला की कुठल्या कुठे जायचा. तिथे ती सून नव्हती, तिथे ती वस्ताद होती, आणि प्रयागबाईला याची गंमत वाटायची. कोणी आपल्याला काही नवीन शिकवतंय, ही गोष्ट तिच्या बाबतीत चाळीस वर्षांत घडली नव्हती.

तिसऱ्याच आठवड्यात बाई चक्कर येऊन खाली बसली. सोमवार होता, आणि प्रयागबाईचा सोमवार निरंकार, म्हणजे दिवसभर अन्नाचा कणही नाही. एकादशीचे आणि चतुर्थीचे उपास वेगळेच. सकाळपासून चहावर होती आणि कट्टा उचलत होती. सुप्रियाने विचारलं, "काल रात्री काय खाल्लं?" तेव्हा खरं बाहेर आलं. काल रात्री म्हणजे नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी, वरणाच्या भांड्यात उरलं ते पिवळं पाणी आणि अर्धी भाकरी. बुडाची डाळ बाप-लेकाच्या ताटात, वरचं पाणी बायांच्या. या घरातच नव्हे, साऱ्या आळीत असंच. कोणी ठरवलेलं नाही, पण कोणी मोडलेलंही नाही.

त्या रात्री सुप्रियाने चार ताटं एकदम वाढली. वरण बुडापासून ढवळलं आणि पहिली वाटी सासूपुढे ठेवली. प्रयागबाई चोरी पकडल्यासारखी बसली होती. चंपतराव घास हातात धरून बघत राहिला.

"आज आमच्याआधी?" त्याने विचारलं.

"आधी नाही बाबा, संगंच," सुप्रिया म्हणाली. "आई कट्टा उचलतात. पान्यावर इंजन चालत नाही."

चंपतराव डिझेल इंजिनवर पाणी ओढत आलेला माणूस. त्याने हातातला घास तोंडात घातला. पुढे सोमवार सुटला नाही, पण कट्टा मंगळवार, गुरुवार, शनिवारवर गेला, आणि रोजच्या जेवणात भिजवलेले हरभरे, ताक, शेंगदाण्याची चटणी, घट्ट डाळ आली. प्रयागबाई म्हणायची, "देवा, माफ कर, पन डाय लय गोड लागून राह्यली."

आणि मग महिनाभर नुसती चढाई. आठाचे दहा, दहाचे बारा, बाराचे पंधरा. बाजेवरून उठणं चारवरून आठ झालं, मग अकरा. सकाळी उठताना कंबर आधी "थांब" म्हणायची, ती म्हणेनाशी झाली. रात्री अंग टाकलं की डोळा लागायचा. एका बाजाराला बसमध्ये चढताना तिच्या लक्षात आलं, की आपण दांडी धरली नाही. वर चढून ती पुन्हा खाली उतरली आणि पुन्हा चढली, खात्री करायला. "मावशी, काय चालू हाय?" कंडक्टर म्हणाला. मावशीचा चेहरा मात्र लग्नघरासारखा फुलला होता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रुपाबाईच्या घरी पंधरा बाया सतरंजीवर बसल्या होत्या. वाण घेऊन उठायची वेळ आली तशी नेहमीची गंमत सुरू झाली: कोणी गुडघ्यावर हात, कोणी भिंत, कोणी शेजारणीचा खांदा, "आई गं" आणि "बाप्पा". प्रयागबाई दोन्ही हातांत वाणाचं ताट धरून सरळ उठली. सगळ्या बघत राहिल्या.

"काय खाऊन राह्यली वं तू?" रुपाबाईने विचारलं.

"डाय," प्रयागबाई म्हणाली. "बुडाची."

माणसाला एवढं यश मिळालं की शहाणपण आधी पळतं. प्रयागबाईने मनाशी हिशेब मांडला: तीन दिवसांत इतकं, तर सात दिवसांत किती? सुप्रिया चुलीशी असताना ती गुपचूप गोठ्यात जाऊन रोज कट्टा उचलू लागली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. नवव्या दिवशी पंधराचा कट्टा, जो ती हसत उचलायची, तो जमिनीवरून हलला आणि तिची कंबर अशी धरली की ती तशीच वाकलेली घरात आली. चंपतरावाने तिला बाजेवर टेकवलं, गरम विटेने शेकलं. आणि तिला न सांगता त्याने लखीरामकडे निरोप पाठवला, की पाडव्याचं पक्कं समज.

निरोपाचं कळलं तेव्हा प्रयागबाई भिंतीकडे तोंड करून रडली. सुप्रिया तिच्याशेजारी बसली. ती चिडली होती, पण तिने चिडणं बाजूला ठेवलं.

"आई, वांग्याले तुमी रोज पानी देता का?"

"रोज कोन देते? मुळ्या सडतीन."

"मंग कवा देता?"

"वाफसा आला की."

"माती पानी पिते, जिरवते, भुसभुशीत होते, मंगच तुमी औत घालता. वल्ल्यात घातलं तं काय होते?"

प्रयागबाईने भिंतीकडून तोंड वळवलं. वल्ल्यात औत घातलं तर ढेकळं होतात आणि ते वावर वर्षभर सुधरत नाही, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. पस्तीस वर्षं मातीला जी सवलत तिने दिली, ती स्वतःच्या अंगाला द्यायची असते, हे तिला साठीनंतर कळलं. ती डोळे पुसून म्हणाली, "वाफसा येऊ दे मंग. किती दिवस?"

"दहा."

दहा दिवस ती खरंच थांबली, आणि तिच्यासारखीला ते कट्ट्यापेक्षा जड गेलं. नंतर पुन्हा आठ किलोपासून सुरुवात. पण या वेळी अंगाला वाट माहीत होती. फाल्गुन लागला तेव्हा कट्ट्यात बावीस किलो वाळू होती. होळीच्या दुसऱ्या दिवशी पंचवीस. आणि आता कट्टा बाजूला ठेवून खरं टोपलं आलं, डोक्यावर चुंबळ, टोपल्यात वाळू. गुडघा, मांडी, छाती. शेवटचा टप्पा सुप्रियाने वेगळा शिकवला: हातांनी ढकलायचं नाही, गुडघे जरासे वाकवायचे आणि पायांनी उसळी मारायची, टोपलं आपोआप वर जातं. पहिल्यांदा ते डोक्यावर नीट बसलं तेव्हा प्रयागबाई टोपलं घेऊनच गोठ्यात दोन फेऱ्या नाचली. सुप्रियाने टाळ्या वाजवल्या. मग दाराच्या फटीशी चंपतराव आला. पण त्याला उशीर झाला होता, बायकोचं नाचणं हुकलं होतं. नाच संपल्यावर सुनेने तेच टोपलं एका दमात डोक्यावर नेलं, तेवढंच त्याला दिसलं. तो आल्या पावली परत गेला, आणि दोन दिवस सुनेशी जपून बोलला.

शेवटचा बाजार आला. आदल्या दिवशी संध्याकाळी प्रयागबाईने टोपलं भरलं: वांगी तळाला, त्यावर पालक, मेथी, सांबाराच्या जुड्या. रविकांतने दुकानातून ताणकाटा आणला होता. पंचवीस किलो, ना गुंजभर कमी ना जास्त. चंपतराव म्हणाला, "आता तुमी झोपा. सकाई मी पाहून घेतो." सकाळी रविकांतने टोपलं गाडीवर बांधून थांब्यावर नेलं, आणि बाकीचे चालत गेले.

थांब्यावर एरवी पाच माणसं असतात. त्या दिवशी पंचवीस होती. लखीराम आला होता, रुपाबाई आली होती. प्रयागबाईच्या छातीत धडधडत होतं, पण ती भीतीची धडधड नव्हती. लहानपणी जत्रेला बैलगाडी निघायची त्या सकाळी असं व्हायचं. तिने पदर खोचला, चुंबळ डोक्यावर ठेवली, पाय रोवले, बसली, काठ धरले.

टोपलं उठलं. गुडघ्यापर्यंत आलं. आणि तिथे तिला कळलं की हे तिचं टोपलं नाही. म्हणजे टोपलं तेच, जुड्या त्याच, पण वजन ओळखीचं नव्हतं. मांडीपर्यंत आणता आणता काठ बोटांतून निसटू लागले. कार्तिकातली ती सकाळ जशीच्या तशी समोर उभी राहिली. तिने टोपलं खाली ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं.

लखीरामने मान खाली घातली. रुपाबाईचे हात सवयीने पुढे आले.

"हात लावू नोको," प्रयागबाई म्हणाली.

वळणावर बस दिसली. चंपतराव काही तरी बोलायला पुढे झाला आणि रविकांतने, आयुष्यात पहिल्यांदा, बापाचा दंड धरून त्याला मागे ओढलं. प्रयागबाईला वाटलं, चार महिने ही पोरगी आणि मी खोट्या काट्यावर नाचत होतो का? पंचवीस किलो असं लागतं? तिने सुप्रियाकडे पाहिलं. सुप्रियाचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती एकच शब्द बोलली.

"टाचा."

प्रयागबाईने खाली पाहिलं. टाचा उचललेल्या होत्या. घाईत. तिने चपला काढून फेकल्या, अनवाणी पाय मातीत रोवले, पुन्हा बसली, टोपलं अंगाशी ओढलं, इतकं की मेथी गालाला लागली, आणि श्वास भरला. गुडघा. मांडी. छाती. तिथे एक क्षण सगळं थांबलं. मग तिने गुडघे जरासे वाकवले आणि पायांनी जमीन ढकलली.

टोपलं चुंबळीवर बसलं.

त्याच क्षणी वरून थंड पाण्याची धार तिच्या कपाळावरून, नाकावरून, गळ्यात उतरली. लोकांना वाटलं बाई रडते आहे. ती रडतही असेल, कोण जाणे, पण तिने डोळे मिटून हे पाणी चाखलं आणि तिला सगळं कळलं. थांब्यावर एवढा गलका झाला की बसमधली माणसं खिडकीतून डोकावली. लखीराम पुढे येऊन चंपतरावाला म्हणाला, "भाऊ, आपलं ठरलेलं मोडलं. हे वाडी मी घेत नाही. घेतली तं गावात तोंड दाखवाले जागा राह्यनार नाही." मग आवाज उतरवून सुप्रियाला म्हणाला, "माह्या घरच्या बाईलेबी येऊ दे न वं गोठ्यात."

प्रयागबाई टोपलं डोक्यावर घेऊन बसची पायरी चढली, आत उतरवलं, आणि मग खाली उतरून रुपाबाईच्या टोपल्याला हात लावला.

बाजारात पोचल्यावर तिने पहिलं काम केलं ते शेजारच्या कांदेवाल्याच्या काट्यावर टोपलं ठेवण्याचं. पाणी वाटेत निथळूनही एकोणतीस किलो सहाशे. तिने सुप्रियाला फोन लावला. दोघी एकाच वेळी बोलत होत्या, दोघींनाही दुसरीचं काही ऐकू येत नव्हतं, आणि कांदेवाला म्हणतो की तेवढ्या वेळात रिठदवालीने तीन गिऱ्हाइकं परत पाठवली.

संध्याकाळी ती बसमधून उतरली तेव्हा चंपतराव थांब्यावर एकटाच उभा होता. त्याने रिकामं टोपलं घ्यायला हात पुढे केला. तिने दिलं नाही.

"पानी तुमीच मारलं ना?"

"हाव. दोनदा." तो जमिनीकडे बघत होता. "वरून वल्लं तरट टाकलं, निंगताना काढलं. पहाटीच उठलो होतो. मले वाटलं, हा तुहा शेवटला बाजार हाय. भाजी टवटवीत दिसाव. लोकाईनं याद ठेवाव का रिठदवालीची भाजी अशी रायत होती."

प्रयागबाईने टोपलं काखेत आणखी घट्ट धरलं. पहाटे अंधारात उठून, आपल्याच बायकोच्या जुड्यांवर ओंजळीने पाणी मारणारा हा माणूस तिला दिसत होता, आणि त्याला आपल्यावर कवडीचा भरवसा नव्हता हेही दिसत होतं.

"इतका जीव लावता तं इस्वास काहून नाही ठेवला?" ती म्हणाली.

"चुकलं माहं."

दोघं घराच्या वाटेला लागली. वाडीजवळ आल्यावर तिने टोपलं त्याच्या हातात दिलं.

पाडव्याला गुढी उभारून झाली. गोठ्यात लखीरामची बायको आणि रुपाबाई आठ-आठ किलोचे कट्टे छातीशी धरून सुप्रियाच्या तालावर उठत-बसत होत्या. चंपतराव अंगणात बाजेवर बसला होता. त्याला उठायचं होतं. त्याने गेल्या कित्येक वर्षांच्या सवयीने बायकोपुढे हात केला. "हात लावजो वं जरा."

प्रयागबाई येऊन समोर उभी राहिली. तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"टाचा टेका," ती म्हणाली. "टाचा. पुढं झुका. आता उठा."

चंपतरावाने तिच्याकडे पाहिलं, ती थट्टा करत नव्हती. पहिल्यांदा तो धपकन मागे बसला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा गुडघे कडाकडा वाजले, बाज करकरली, आणि तो उभा राहिला, हात न टेकता, हात न धरता. प्रयागबाई गोठ्यात गेली आणि भिंतीवर आपल्या रेघांच्या खाली, थोडी जागा सोडून, तिने त्याची पहिली रेघ ओढली.